सुतारकाम, हौशी

सुतारकाम, हौशी : उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीसाठी, फावल्या वेळात व बहुधा स्वतःच्या घरी केलेले लाकूडकाम. स्टूल, पाट, फडताळ, देव्हारा, खेळणी, मुलांचे पाळणे यांसारख्या लहानमोठ्या वस्तू तयार करणे, जुन्या वस्तूंची डागडुजी करणे व हत्यारे जमवून ती सुस्थितीत राखणे यांचा त्यात समावेश होतो. धंदेवाईक सुतारकामाहून ते दोन बाबतींत वेगळे आहे. हौशी कारागिरास वेळेचा हिशेब द्यावा लागत नाही, ही एक बाब. दुसरी अधिक महत्त्वाची बाब अशी, की त्यास हे ज्ञान घरातून वारशाने मिळालेले नसते. ते त्याला विचारून, पाहून व गप्पांतून मिळवावे लागते. त्यामुळे हौशी सुतारकामाचा इतिहास हा बऱ्याच अंशी कारागिरीचे ज्ञान कोणाकडून कोणाकडे व कशा रीतीने गेले, याचा इतिहास ठरतो. पुणे जिल्ह्यातील पिंपरी–चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात गावचा सुतार आणि कारखान्याचा कारागीर अशा दोन भिन्न परंपरा एकत्र आल्या. या स्थित्यंतराच्या अभ्यासासाठी तो प्रदेश म्हणूनच सोयीचा आहे.

पूर्वपीठिका : ‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला आहे. सूत्र म्हणजे दोरा. गेरूत भिजविलेले सूत ओंडक्यावर ताणून व उडवून सरळ रेघ पाडणे ही लाकूड कापण्यापूर्वीची पहिली क्रिया होय. मराठीतील ‘सुतासारखा सरळ’ हा वाक्प्रचार याच सरळपणाची आठवण देतो. महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक असून त्याची गणना थोरल्या ओळीत होत असे. नांगर, कुळव, पाभर व बैलगाडी यांची घडण आणि दुरुस्ती त्याच्याकडे असे आणि त्याबद्दल त्याला सुगीच्या वेळी धान्यरूपाने बलुते मिळे. शेतीच्या अवजारांसाठी मुख्यतः बाभळीचे, तर घरबांधणीसाठी सागाचे लाकूड वापरले जाई.

सुताराच्या कामाची जागा म्हणजे सुतारमेट. अवजार दुरुस्त होईपर्यंत शेतकरी तेथेच बसत. पाऊसपाणी, बाजारभाव व सोयरिकी यांच्या गप्पा तेथे चालत. वाकसाने लाकूड कसे तासले जाते, कोणत्या बाभळीचे जू टिकते आणि कोणत्या लाकडाला भुंगा लागतो, हे ऐकण्यास कोणासही मज्जाव नव्हता. हत्यार हाती धरण्याचा अधिकार मात्र जन्माने ठरे. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली रंधा, पटाशी, करवत, गिरमिट व गुण्या ही साधने वापरण्यास शिके. इतर जातींच्या मुलांना हा मार्ग सहसा खुला नव्हता आणि स्त्रियांना तर तो जवळजवळ बंदच होता. ज्ञान कानावर पडत असे, पण हातात उतरत नसे, असे या व्यवस्थेचे स्थूल वर्णन करता येईल.

शेतीखेरीज वाड्यांची बांधणी हे सुतारांचे दुसरे मोठे क्षेत्र होते. खांब, तुळया, कडीपाट व कोरीव हस्त यांनी युक्त अशी ही लाकडी रचना ‘खण’ या मापाने मोजली जाई. पुण्यातील शनिवारवाडा (१७३०–३२) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण असून १८२८ मधील आगीत त्याचे लाकूडकाम नष्ट झाले. सागाच्या सांगाड्याचे असेच वाडे परिसरातील जुन्या गावठाणांतही उभे राहिले. हे वाडे पाडले गेल्यानंतर त्यांतील जुना व पूर्णपणे मुरलेला साग बाजारात आला. आजच्या हौशी कारागिरांचा तो एक आवडता कच्चा माल आहे.

विसाव्या शतकात गावच्या सुताराचा आर्थिक पाया ढासळू लागला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या कारखान्यातून (किर्लोस्करवाडी, १९१०) लोखंडी नांगर गावोगाव पोहोचले. पुढे रबरी धावांच्या गाड्या व ट्रॅक्टर आले, तसेच बलुत्याची जागा रोख मजुरीने घेतली. सुतारांची पुढची पिढी शहरातील इमारतीकाम, फर्निचरचे कारखाने व यंत्रशाळा यांकडे वळली.

लेखी ज्ञान व शालेय शिक्षण : कारागिरांचे ज्ञान ग्रंथबद्ध करण्याचे प्रयत्न जुने आहेत. भोज राजाच्या नावावर असलेला *समरांगणसूत्रधार* (अकरावे शतक) हा वास्तुशिल्पविषयक संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. अशा शिल्पग्रंथांचे संशोधन करून ते मराठी वाचकांपुढे आणण्याचे कार्य कृष्णाजी विनायक वझे या अभियंत्याने केले. तथापि या ग्रंथांचा भर प्रमाणे, लक्षणे व शुभाशुभ यांवर असून पटाशीला धार कशी लावावी, हे त्यांतून शिकता येत नाही. यूरोपात जोसेफ मॉक्सन याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडन येथे सुतार, लोहार आदींच्या प्रत्यक्ष क्रियांचे वर्णन भागशः छापण्यास प्रारंभ केला. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये *द वुडवर्कर* (१९०१) हे नियतकालिक निघाले. धंद्याबाहेरील वाचकास लाकूडकाम शिकविणारा असा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच तेथे निर्माण झाला.

शाळेत लाकूडकाम शिकविण्याची कल्पना फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेयस याने रुजविली आणि १८६६ मध्ये तेथील लोकशाळांत हस्तकला हा आवश्यक विषय झाला. स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन याने शिक्षकांसाठी तिची पद्धतशीर मांडणी केली. ‘स्लॉइड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचा हेतू सुतार तयार करणे हा नव्हता. हात, डोळा व चित्त यांना शिस्त लावणे हा तिचा उद्देश होता. महाराष्ट्रात १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या कल्पनेत सूतकताई व शेती यांच्याबरोबर लाकूडकामासही स्थान मिळाले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. प्रत्यक्षात बहुसंख्य शाळांत या विषयाची हत्यारे कपाटातच राहिली.

व्यवसायशिक्षणाची वाट वेगळी होती. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गापासून पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय विकसित झाले. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था वाढल्या आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यांवर उमेदवार शिकविण्याची जबाबदारी आली. सुतारकाम हा आता जातीने नव्हे, तर प्रवेशअर्जाने मिळणारा व्यवसाय झाला. चाकणच्या पूर्वेस शिरूर तालुक्यातील पाबळ येथे श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रम हा या दृष्टीने उल्लेखनीय होय. काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र असून कार्यशाळेतील कामे मुलांबरोबर मुलींनाही शिकविली जातात.

औद्योगिक पट्ट्यातील स्थित्यंतर : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) भोसरी, चिंचवड व आकुर्डी या परिसरात वाहन व यंत्रनिर्मितीचे कारखाने झपाट्याने वाढले. टेल्को (आताची टाटा मोटर्स) कंपनीचा पुणे प्रकल्प १९६६ मध्ये सुरू झाला. पिंपरी–चिंचवड येथे १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. संग्रामदुर्गासाठी व कांद्याच्या बाजारपेठेसाठी पूर्वीपासून परिचित असलेले चाकण विसाव्या शतकाच्या अखेरीस या साखळीत आले. २००९–१० या काळात तेथे फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र या कंपन्यांचे वाहनप्रकल्प सुरू झाले.

लोखंड व पोलाद यांच्या या नगरीत लाकडाला एक महत्त्वाचे, परंतु फारसे न दिसणारे स्थान होते. ओतशाळेत वितळलेला धातू ओतण्यासाठी वाळूचा साचा करावा लागतो आणि त्या साच्याला आकार देणारी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न पूर्वी बहुधा मुरलेल्या सागाची करीत. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न इष्ट मापाहून किंचित मोठा ठेवावा लागतो. बिडासाठी ही वाढ सु. एक टक्का, तर पोलादासाठी सु. दोन टक्के असते. वाळूतून सहज निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना थोडा उतारही द्यावा लागतो. हे काम करणारा पॅटर्नमेकर एकाच वेळी सुतार व यंत्रकारागीर असे. त्याच्या हातात पटाशी असली, तरी समोर अभियांत्रिकी आरेखन असे. संगणकनियंत्रित यंत्रे व रेझिन यांच्या प्रसारानंतर हा व्यवसाय बराच आक्रसला आहे.

दोन परंपरांमधील अंतर मापांतून स्पष्ट दिसते. देशात १९५६ च्या कायद्याने दशमान मापनपद्धती स्वीकारली गेली. तरीही सुतार आजही इंच व ‘सूत’ यांत बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात सु. ३·२ मिमी. कारखान्यातील कारागिरास मात्र मिमी.च्या शंभराव्या भागात विचार करण्याची सवय असते. पाळी संपल्यावर घरी रंधा हाती घेणारा जोडारी किंवा अभियंता प्रारंभी सुताराच्या या मापाला ढोबळ समजतो. पण लाकूड हवेतील ओल शोषते व सोडते. आडव्या कापाची ३० सेंमी. रुंद फळी कोरड्या उन्हाळ्यातून भर पावसाळ्यात गेल्यास लाकडाच्या जातीनुसार २ ते ३ मिमी.पर्यंत, म्हणजे जवळजवळ सूतभर, फुगू शकते. व्हर्निअरने साधलेली अचूकता अशा फळीवर टिकत नाही. सूत हे माप अज्ञानातून नव्हे, तर लाकडाच्या स्वभावाच्या ज्ञानातून टिकले आहे, हे त्यास एका पावसाळ्यानंतर कळते. उलट, कर्ण मोजून चौकटीचा काटकोन तपासणे, एकसारखे अनेक भाग करण्यासाठी आधी मापपट्टा तयार करणे व काम सुरू करण्यापूर्वी कागदावर आकृती काढणे या कारखान्यातील सवयी त्याच्या सुतारकामाला उपयोगी पडतात.

साहित्य : सागाचे ओंडके पूर्वी राज्यातील जंगलांतून येत. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याने खाजगी जमिनीवरील वृक्षतोडीवरही निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ मधील आदेशानंतर देशभर वृक्षतोड व करवतगिरण्या यांवर नियंत्रण कडक झाले. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबविली. परिणामी भरीव सागाची जागा प्लायवुड, दाबीव तंतुफलक व आयात केलेले पाइन यांनी मोठ्या प्रमाणावर घेतली. चिकटद्रव्यातही असाच पालट झाला. जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस पूर्वी दुहेरी भांड्यात गरम करून वापरीत. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेविकॉलने थंड स्थितीतच वापरता येणारे चिकटद्रव्य सर्वांच्या आवाक्यात आणले. हौशी कारागिराच्या दृष्टीने हा पालट फार सोयीचा ठरला.

औद्योगिक पट्ट्याने हौशी सुतारांना दिलेले खास साहित्य म्हणजे वेष्टनाचे लाकूड. यंत्रे व सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून व फळ्यांच्या बैठकींवरून येतात आणि वापरानंतर ते लाकूड भंगारात जाते. लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून २००२ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा लाकडावर प्रक्रिया करून शिक्का मारणे आवश्यक असते. शिक्क्यावरील ‘एचटी’ ही रोमन अक्षरे लाकडाचा गाभा ५६° से. तापमानात किमान ३० मिनिटे ठेवल्याचे दर्शवितात, तर ‘एमबी’ ही अक्षरे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिल्याचे सांगतात. पहिल्या प्रकारचे लाकूड घरगुती वस्तूंसाठी घ्यावे व दुसरे टाळावे, हा या परिसरातील हौशी कारागिराने प्रथम शिकावयाचा धडा होय. ज्यावर तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग आहेत, ते लाकूडही घेऊ नये.

चिखलीजवळील कुदळवाडी येथे जुन्या मालाची व भंगाराची गोदामे दीर्घकाळ होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. पुण्याच्या भवानी पेठेतील लाकूडबाजार व कसबा पेठेनजीक बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही हौशी कारागिरांची अन्य परिचित ठिकाणे होत. जुन्या बाजारात मिळणारे पोलादी पाते गंजलेले असले, तरी गंज वरवरचा असल्यास ते पुन्हा कामी येते. धारेजवळ खोल खड्डे पडलेले पाते मात्र घेण्यात अर्थ नसतो.

गप्पा व खुबी : हौशी सुतारकामाचे बरेचसे ज्ञान पुस्तकापेक्षा संभाषणातून मिळते. लाकडाच्या दुकानातील फळीवर, सोसायटीच्या वाहनतळात किंवा कामावर आलेल्या सुताराच्या चहाच्या वेळी एखादी खुबी सहज सांगितली जाते. ती बहुधा एका वाक्याची असते आणि तिच्यामागील कारण सांगितले जात नाही. कारण समजल्यास मात्र ती एका प्रसंगापुरती न राहता अन्यत्रही वापरता येते.

मे महिन्यात दार घट्ट बसवू नये, असे सुतार सांगतात. कोरड्या हवेत आकसलेले लाकूड जुलैत फुगते व दार चौकटीत अडते, हे त्याचे कारण होय. याच कारणाने चौकटीतील भरीव फळी खाचेत सरसाने पक्की न करता मोकळी ठेवतात. फळीच्या टोकाजवळ खिळा ठोकण्यापूर्वी त्याचे अणकुचीदार टोक हातोडीने बोथट करावे, ही दुसरी खुबी होय. तीक्ष्ण टोक तंतू दुभंगते, तर बोथट टोक ते चिरडीत जाते व फळी फुटत नाही. पितळी स्क्रू बसवावयाचा असल्यास आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करावी आणि मग पितळी स्क्रूला मेण लावून तो बसवावा, कारण पितळ मऊ असल्याने जोर लावताच माथा तुटतो. जुन्या वाड्याच्या सागावर रंधा चालविण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून पाहावा. आत दडलेला एकच खिळा पात्याची धार घालवितो.

रंधा तंतूंच्या चढत्या दिशेने चालवावा. उलट दिशेने चालविल्यास लाकूड उखडते. तळाला मेणबत्ती घासल्यास रंधा हलका चालतो. पटाशीची धार साधारणतः २५° कोनात घासतात, पण तिची सपाट पाठ निसण्यावर आरशासारखी केल्याखेरीज धार पूर्ण होत नाही. नवशिके बहुधा हीच पायरी गाळतात. शक्य तेथे मोजूच नये, असाही जुन्या कारागिरांचा दंडक आहे. एका भागावर दुसरा भाग ठेवून खूण केल्यास पट्टी वाचण्यातील चूक टळते. लाखेचे पॉलिश दमट दिवशी लावल्यास ओल अडकून पृष्ठावर पांढुरकी झाक येते, म्हणून ते काम पावसाळ्यानंतर हाती घेतात. लाकडाच्या आडछेदावर चिकटद्रव्य धरत नाही. टोकाला टोक चिकटविण्याऐवजी खाच व कुसू करण्याची पद्धत त्यातूनच आली.

सुरक्षिततेविषयीच्या सूचना मात्र अशा गप्पांत कमी ऐकू येतात. धातू घासण्याच्या हातयंत्राला लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसविण्याची प्रथा बरीच पसरलेली असून ती अत्यंत धोकादायक आहे. पाते अडकताच यंत्र उसळी घेते. लाकडाचा बारीक भुसाही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग उद्भविणाऱ्या पदार्थांत केला आहे. सदनिकेच्या गच्चीत काम करणाऱ्याने मुखपट्टी वापरावी व भुसा ओलसर फडक्याने टिपावा. शेजाऱ्यांच्या विश्रांतीच्या वेळी यंत्रांऐवजी हातहत्यारांची कामे करणे श्रेयस्कर ठरते.

मूल्यमापन : बलुतेदारीत सुतारकामाचे ज्ञान एका जातीत बंदिस्त होते, पण ते खात्रीने पुढच्या पिढीकडे जाई. आज ते सर्वांना खुले आहे, मात्र त्याच्या संक्रमणाची हमी उरलेली नाही. प्लायवुड व पत्रे चिकटविण्याच्या कामात खाच-कुसवाची गरज पडत नाही. ठेक्याने काम करणाऱ्या सुतारास तासन्‌तास रंधा धरणे परवडत नाही आणि त्याच्या मुलांपैकी अनेक जण या धंद्यात येत नाहीत. कोणते लाकूड केव्हा कापावे, कोणत्या ऋतूत किती सूत सोडावे, यांसारखे ज्ञान फारसे लिहिले गेलेले नाही. जाणत्या कारागिरांच्या हातांबरोबर ते लुप्त होण्याचा संभव आहे.

या परिस्थितीत हौशी कारागिराचे महत्त्व त्याने केलेल्या वस्तूंपेक्षा त्याने विचारलेल्या प्रश्नांत अधिक आहे. त्याला वेळ असतो, कुतूहल असते व लिहिण्याची सवय असते. तथापि त्याने जे शिकले, ते बव्हंशी मजुरीवर जगणाऱ्या सुताराकडून फुकट शिकलेले असते. या ऋणाची नोंद क्वचितच होते. खंडेनवमीस या पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रांची व सुतारांच्या घरी करवत-रंध्यांची पूजा होते. अनेक हौशी कारागीरही त्या दिवशी आपली हत्यारे पुसून, तेल लावून मांडतात. त्यांच्याबरोबर ती वापरण्याची रीत सांगणाऱ्याचे नाव व त्याचे शब्दही वहीत उतरविले गेले, तर या परिसरातील सुतारकामाचा एरवी अलिखित राहणारा इतिहास पुढील अभ्यासकांस उपलब्ध होईल.